मराठी येणारं माणूस

गप्प बसलेली बाई तारकरबाईंना सहन होत नसे. तपासणीच्या खोलीत आलेली बाई स्टुलावर बसून पदराशी चाळा करत खाली बघत राहिली, की टेबलाखाली बाईंचा उजवा पाय हलायला लागे. "बोला. लवकर बोला. बाहेर रांग आहे." तरीही ती बोलली नाही तर आवाज चढे, आणि तो व्हरांडा ओलांडून फाटकाशी बसलेल्या चौकीदारापर्यंत पोहोचे. चौकीदार बिचारा नव्या बायांना आधीच सांगून ठेवी, "पटपट सांगून देजा वं माय. डाक्टरीणबाई मनानं चांगली हाय, पन तिले दम नाई."

बाई मूळच्या मालवणकडच्या. डॉक्टरी मुंबईत शिकल्या, लग्न केलं नाही, आणि वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून अकोल्याच्या बायकांच्या दवाखान्यात आल्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि दुसरी मोठी लढाई चालू होती. नागपूरहून हुकूम वेळेवर यायचे, औषधं यायचीच असं नाही. मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा अमरावतीच्या कॉलेजातून नुकतीच बी.ए. झाले होते. पातूरच्या माळ्याची मुलगी मी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी हायस्कुलाची पायरी चढलं नव्हतं. अकोल्यात मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली, पण एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार होईना. तारकरबाईंनी जात विचारली नाही, घरचं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "घोरत नाहीस ना?"

माझे वडील पहिल्यांदा तिथे आले ते वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन. ओट्यावर टोपली उतरवून म्हणाले, "बाई, पोरगी तुमच्या हवाली हाय. बी.ए. झाली, पन भांडे घासाले लाजत नाई."

"मला भांडी घासणारी नको आहे," बाई म्हणाल्या. "रात्री जेवताना समोर बोलायला माणूस हवंय."

त्या मला अखेरपर्यंत 'मास्तरीण' म्हणत. जेवताना खूप बोलत. कोकणात माणसं कशी मोकळी बोलतात, तिकडे सुना थोरल्या दिरालाही तोंडावर उत्तर देतात, आणि तुमच्याकडे बायका दुखणंसुद्धा पदराखाली झाकून ठेवतात, हा त्यांचा आवडता विषय होता. अकोल्याच्या उन्हाळ्यातही त्या पायमोजे घालत. माशांची आठवण काढून काढून वांग्याची भाजी खात, आणि खाऊन झाल्यावर 'बरी झाली होती' असं कबूल करत.

बायकांना बोलतं करण्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. एकदा एका मोठ्या वाडीच्या पाटलाची सून आली. बरोबर सासू. बाई सुनेला विचारत आणि उत्तर सासू देई. भूक लागते का, झोप येते का, सगळं सासूच सांगे. शेवटी बाईंनी विचारलं, "पोट तुमचं दुखतं की हिचं?"

सासूबाई हार जाणाऱ्या नव्हत्या. "पोट तिचंच दुखते, पन तिले सांगता येत नाई तं म्या सांगून राहिली. तुमाले आयकू येते नं? मग कावून भांडता?"

बाईंनी मला हाक मारून सासूबाईंना चहाला घरी पाठवलं. घर दवाखान्याच्या आवारातच होतं. सासूबाईंनी बशीतला चहा फुंकत डॉक्टरीणबाईच्या लग्नाची चौकशी केली, आणि तेवढ्या वेळात त्या सुनेनं आतमध्ये रडत रडत जे सांगितलं त्यानं तिचा जीव वाचला. ही गोष्ट बाई फार आनंदानं सांगत. मीही ती पुष्कळांना सांगितली आहे.

दिवाळी झाली की अकोल्यात जिनाचे भोंगे सुरू होत. कापूस रेचणाऱ्या त्या कारखान्यांत कामाला दूरदूरची माणसं येत. सगळ्यांत लांबून येत ती छत्तीसगढी. रायपूरच्या पलीकडल्या खेड्यांतून नवरा-बायको, लेकरं, म्हातारी असं अख्खं घर रेल्वेनं उतरे आणि वैशाखापर्यंत जिनाच्या मागच्या टिनाच्या खोपटांत राही. बाया सरकी काढणाऱ्या रेच्यांवर उभ्या राहत. केसांत, पापण्यांवर रुई. हातभर गोंदण. त्यांची बोली आम्हा वऱ्हाडी लोकांनाही नीट कळत नसे. बाईंना तर वऱ्हाडीच पुरी कळत नव्हती.

त्या बाया दवाखान्यात येत त्या बाईंच्याच खटपटीनं. जिनाच्या मॅनेजरशी भांडून त्यांनी गरोदर बायांना अर्धा दिवस सुट्टी मिळवली होती. पण आलेली बाई काही सांगू शकत नसे आणि बाईंना थांबता येत नसे. एकदा एका बाळंतिणीसाठी तिच्या माणसांनी लोट्यातून कसलासा काळा काढा आणला. बाईंनी वास घेतला आणि सगळ्यांदेखत मोरीत ओतला. "हे असलं पाजून मारता आणि मग माझ्याकडे आणता!" लोटा परत घेऊन म्हातारी गेली. ती काय पुटपुटली ते कुणाला कळलं नाही.

त्या हंगामात एके दिवशी बाई खुशीत घरी आल्या. "मास्तरीण, आज एक शहाणी आली होती. येताना मराठी येणारं माणूस घेऊन आली!"

ती सुकवारो. गर्भारपणाचे शेवटचे दिवस होते. बरोबरचा माणूस म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ दुखूराम. तो जिनात मुकादम होता, कितीतरी हंगाम अकोल्यात काढलेले, वऱ्हाडी आमच्यासारखी बोले. बाईंनी त्याला दारातच पडद्याशी उभं केलं आणि त्याच्यामार्फत भराभर विचारून घेतलं. डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? लघवीला कमी होते का? दुखूराम भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोले. सुकवारोनं पदर छातीपर्यंत ओढलेला, पाठ त्याच्याकडे, आणि तोंडातून अक्षर नाही. "काही नाही म्हनते बाई. बरी हाय," असं दुखूराम सांगे. पदर बाजूला करायला बाईंनी हात पुढे केला तर ती अंग चोरून जवळजवळ स्टुलावरून पडली. बाहेर रांग होती. बाईंनी शक्तीचं औषध दिलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्याच्या आधीच कापसाच्या बैलबंडीत घालून तिला आणलं. झटके येत होते. बरोबरच्या बाया आपलं डोकं धरून, तिचं दुखत होतं असं खुणेनं सांगत होत्या. दातांखाली जीभ आलेली. बाई संध्याकाळपर्यंत तिच्याजवळून हलल्या नाहीत. आई गेली, मूलही गेलं.

व्हरांड्यात तिची धाकटी बहीण इतवारीन बसली होती. तीही जिनातच कामाला. बाई बाहेर आल्या आणि जिवाच्या तळमळीनं तिलाच म्हणाल्या, "डोकं दुखत होतं तर बोलली का नाही ती? मी विचारलं होतं!" इतवारीननं वर पाहिलं. "कुराससुर के आगू कइसे गोठियातिस, बाई?"

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे घरी आणले. ताट तसंच पडलं होतं. मला म्हणाल्या, "कुराससुर म्हणजे काय गं?"

"भासरा असेल," मी म्हटलं. "नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर कशी बोलणार ती, असं म्हणाली."

"का? तुमच्यात नाही बोलत?"

"आमच्यातही भासऱ्यासमोर पदर ढळू देत नाहीत. यांच्यात फार कडक असतं म्हणतात. त्याच्या सावलीतूनही जात नाहीत."

बाई उठल्या, हात धुतले. जेवण झालेलं नव्हतं, तरी हात धुतले. मग म्हणाल्या, "आणि मी त्याला दारात उभा केला. लघवीचं विचारायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखूराम फाटकाशी आला. डोक्याला काही नव्हतं. चौकीदारानं त्याला आत सोडलं, तरी तो ओट्याच्या खालीच थांबला. बाईंनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. म्हणून बाई पायरीवर बसल्या.

"बाई, तुमी जे इचारलं ते म्या तिले इचारलंच नाई," तो म्हणाला. "भासऱ्यानं बहूले असं कसं इचाराव? म्या म्हटलं, बाई इचारते, काई होते का तुले? एवढंच म्हटलं. ते बी भिंतीले सांगतल्यावानी. ते चूप राहिली. म्या म्हटलं, बरी हाय."

मी आणलेल्या पाण्याला त्यानं हात लावला नाही.

"त्या दिवशी तिच्यासंग मी येनारच नव्हतो. घरच्यांनी धाडलं म्हनून आलो. मले शिव्या द्या, बाई."

"मी कुठल्या तोंडानं देऊ?"

तो जाईना. त्याला काहीतरी शिक्षा हवी होती आणि ती देणारं तिथे कुणी नव्हतं. त्याला घरच्यांनी का धाडलं, हे बाईंनी विचारलं नाही. मलाही ते विचारण्यासारखं वाटलं नाही.

त्या दिवसापासून छत्तीसगढी बाया दवाखान्यात यायच्या बंद झाल्या. सुट्टी मिळे, पण त्या खोपटात पडून राहत. बाई रोज व्हरांड्यात नजर टाकत आणि आत जात. वैशाखात ती सगळी माणसं गावाकडे गेली.

पुढच्या दिवाळीनंतर ती परत आली, तेव्हा दर रविवारी बाई मला घेऊन जिनामागच्या खोपटांकडे जाऊ लागल्या. पहिल्या रविवारी आम्हाला पाहून बाया उठून आत गेल्या. एक कुत्रं तेवढं जवळ आलं. दुसऱ्या रविवारी बाई निंबाखाली बसून राहिल्या. पायमोज्यांत गोखरू शिरलेले, ते एकेक काढत. ते पाहून पोरं हसली, पोरांमागून बाया आल्या. ज्या म्हातारीचा काढा बाईंनी मोरीत ओतला होता तीच त्यांची सुईण होती. सगळे तिला दाई म्हणत. बाईंनी तिच्याकडून तो काढा मागून घेतला आणि सगळ्यांदेखत प्याल्या. तोंड इतकं वाईट केलं की दाई म्हणाली, "बिन लइका के पीबे त करू च लागही!" आणि बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मूल नसताना पिशील तर कडूच लागणार, असं ती म्हणाली होती. बाईही हसल्या, जरा उशिरा.

मग त्या शिकायला लागल्या. मूड पिरावत हे का, म्हणजे डोकं दुखतं का. डोळ्यांचं कसं विचारायचं, अंगावरून जाण्याचं कसं. कुणासमोर काय बोलत नाहीत, नवऱ्याचं नाव का घेत नाहीत, मुलाच्या सहाव्या दिवशी काय करतात. रात्री जेवताना घोकत आणि मला गरोदर बाई करून प्रश्न विचारत. मी चुकीचं उत्तर दिलं तर रागावत. दवाखान्यात त्यांनी पडद्याच्या आत पुरुष येणं बंद केलं. काढ्याचे लोटे आत येऊ लागले. हळूहळू बायाही आल्या.

आली नाही ती इतवारीन. तिला दिवस गेले होते. निंबाखालच्या घोळक्यात ती नेहमी मागे बसे आणि बाई बोलायला लागल्या की सूप घेऊन उठे. त्या हंगामात बाईंना एकच गोष्ट हवी होती, आणि ती मला माहीत होती. इतवारीन नीट सुटावी. आणि तिनं एकदा म्हणावं, तुझा दोष नव्हता, तुला ठाऊक नव्हतं.

कारण 'मला ती रीत ठाऊक नव्हती' हेच वाक्य बाई तेव्हा सगळ्यांना सांगत होत्या. नव्या नर्सांना, अमरावतीहून तपासणीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना, माझ्या वडिलांनासुद्धा. सुकवारोची हकीकत त्या पहिल्यापासून सांगत, स्वतःला काही सोडत नसत, आणि शेवटी हे वाक्य येई. वडील म्हणाले, "तुमी लांबून आलेल्या, बाई. तुमाले कसं मालूम राहीन?" त्या रात्री बाई पोटभर जेवल्या.

फाल्गुनात इतवारीन अडली. दाईनं स्वतः माणूस पाठवला. आम्ही गेलो तेव्हा बायांनी खोपटाच्या दाराला लुगडं धरलं होतं आणि पुरुषांना पार रस्त्यापलीकडे हाकललं होतं. मला दाराशी बसवलं. आतून बाईंचा आवाज येत होता, पण तो ओळखू येऊ नये इतका हळू. त्यांच्याच बोलीत विचारत होत्या, थांबत होत्या, पुन्हा विचारत होत्या. दुपार कलताना मूल रडलं. मुलगी. बाई बाहेर आल्या, कोपरापर्यंत हात भरलेले, आणि मला म्हणाल्या, "मास्तरीण, डोकं दुखतं का विचारलं तर तिनं सांगितलं. दुखत नाही म्हणाली. स्वतःच्या तोंडानं."

पण त्यापलीकडे इतवारीन त्यांच्याशी बोलली नाही. बाई मुलीला बघायला जात, वजन करत. ती मूल पुढे करी आणि मान वळवी.

वैशाखात ती माणसं परत निघाली तेव्हा बाई त्यांना पोहोचवायला स्टेशनवर गेल्या. मीही होते. गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, रडणारी पोरं, आणि नागपूरकडची गाडी उभी. दाईनं बाईंचे दोन्ही हात धरले. दुखूराम लांबून वाकला. इतवारीन खिडकीशी बसली होती, मूल पदराखाली. बाई खिडकीजवळ गेल्या. काय म्हणाल्या ते मला सगळं ऐकू आलं नाही. त्यांच्याच बोलीत, रीत ठाऊक नव्हती, असं काहीतरी. मला माफ कर असंही म्हणाल्या असाव्यात.

इतवारीननं या वेळी मान वळवली नाही. आवाज न चढवता म्हणाली, "दीदी पहिली अकेल्ला आय रिहिस. तैं खिसियाए. मराठी जनइया ल धर के आबे, कहे रेहे. घर म मराठी जनइया एके झन रिहिस."

मला अर्धंच कळलं. बाईंना सगळं कळलं. गाडी सुटली, फलाट मोकळा झाला, तरी त्या हलेनात. मग मी न विचारताच, एखाद्या पेशंटचा इतिहास सांगावा तशा सरळ आवाजात त्यांनी मला सांगितलं. "सुकवारो त्याच्या आधी एकदा आली होती. एकटी. मी तिच्यावर ओरडले. मराठी येणारं माणूस घेऊन ये, तरच तपासीन म्हणाले. त्यांच्या घरात मराठी येणारा एकच माणूस होता."

मी म्हटलं, "बाई, इतक्या बाया येतात..."

"मला आठवत नाही गं. ती आली होती हेच आठवत नाही." मग म्हणाल्या, "पण म्हणाले असेन. रोजच म्हणत होते."

त्यांना धीर येईल असं काही बोलावं म्हणून मी शब्द शोधत होते. बाईंनी जात न विचारता मला छप्पर दिलं, माझ्या वडिलांना खुर्चीवर बसवलं. त्यांच्यासाठी एक वाक्य मला सापडू नये याची लाज वाटली. पण जे सुचत होतं ते सगळं खोटं होतं. आम्ही चालत घरी आलो. त्यानंतर सुकवारोची हकीकत त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी मला अमरावतीच्या शाळेत जागा मिळाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचं होतं. पातूरहून येऊन मी अकोल्याला बडनेऱ्याची गाडी पकडली. सामान लावून खिडकीशी बसले तो समोरच्या फलाटावर तारकरबाई. मला निरोप द्यायला आल्या असं क्षणभर वाटलं, पण माझी गाडी त्यांना ठाऊकच नव्हती. नागपूरकडून आलेली गाडी तिथे उभी होती आणि जिनाच्या हंगामाची माणसं उतरत होती. दाईनं बाईंना पाहिलं, काहीतरी मोठ्यानं ओरडली, दोघीतिघी हसत त्यांच्याभोवती आल्या. एकीनं आपलं पोर त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते घेतलं, पण त्यांचं लक्ष डब्यांच्या दारांकडे होतं.

मीही बघत होते. दुखूराम उतरला, त्याचा भाऊ उतरला, म्हाताऱ्या, पोरं, गाठोडी उतरली. इतवारीन दिसली नाही. बाईंनी दाईला काही विचारलं. दाईनं नकाराची मान हलवली. माझी गाडी हलली. मी हाक मारली नाही. माणसं जिनाच्या रस्त्याला लागली होती, फलाट रिकामा होत होता, आणि बाई कडेवर कुणाचं तरी पोर घेऊन, उतरायचं कुणी राहिलं नव्हतं त्या गाडीच्या एकेका डब्यात डोकावत पुढे चालल्या होत्या.